रस्ता, रेल्वे, विमान, कारखाना : आवाजाचा रहिवाशांना किती त्रास होतो, याचा अंदाज कसा काढावा

एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन माणसांना समोरच्या रस्त्याचा आवाज सारखाच छळतो असे नाही. एक जण खिडकी उघडी टाकून गाढ झोपतो, तर दुसऱ्याची रात्र कूस बदलण्यात जाते. म्हणून डेसिबलच्या आकड्यावरून एका माणसाचा त्रास सांगता येत नाही. वस्तीचा मात्र सांगता येतो. अमुक पातळीचा आवाज वर्षभर असेल, तर शंभरातल्या किती जणांना तीव्र त्रास होतो, हे बऱ्याच अभ्यासांतून सूत्रात बांधले गेले आहे.

या कामात घराबाहेरची आवाजाची पातळी काढायची, तिला योग्य वक्र (पातळीवरून त्रासलेल्यांचे टक्के सांगणारे सूत्र) लावायचा आणि त्या पातळीत राहणारी माणसे मोजायची. बहुतेकांचा वेळ आणि पैसा पहिल्या कामावर जातो, पण सगळ्यात मोठी चूक दुसऱ्यात होते. ध्वनिमापक १ डेसिबलने चुकला तर उत्तर एक-दीड टक्क्याने हलते. वक्र चुकीचा निवडला तर ते तिप्पट-चौपट होऊ शकते.

कोणती पातळी धरायची

त्रासाचे वक्र ‘एलडेन’ या पातळीवर बांधलेले आहेत. वर्षभराची सरासरी काढताना संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वाढवून धरले की एलडेन मिळते. नेहमीची विभागणी अशी : दिवस सकाळी ७ ते संध्याकाळी ७ (१२ तास), संध्याकाळ ७ ते रात्री ११ (४ तास), रात्र ११ ते सकाळी ७ (८ तास).

एलडेन = १० × लॉग [ (१२ × १०^(दिवस/१०) + ४ × १०^((संध्याकाळ+५)/१०) + ८ × १०^((रात्र+१०)/१०)) ÷ २४ ]

लॉग १० या पायाचा. समजा एका रस्त्याकडेच्या घरापुढे दिवसा ६३, संध्याकाळी ६१ आणि रात्री ५६ डेसिबल आहेत. कंसातली तीन पदे अनुक्रमे सुमारे २.३९ कोटी, १.५९ कोटी आणि ३.१८ कोटी येतात. बेरजेला २४ ने भागून लॉग घेतला की एलडेन ६४.८ मिळते. रात्र दिवसापेक्षा ७ डेसिबलने शांत असूनही बेरजेतला ४४ टक्के वाटा तिचाच आहे. दिवसाची मोजणी नेटकी करून रात्रीचा आकडा अंदाजाने टाकण्याची पद्धत म्हणूनच घातक ठरते. चोवीस तास एकसारखा चालणारा पंखा किंवा कॉम्प्रेसर असेल, तर गणित सोपे आहे : एलडेन म्हणजे त्याची पातळी अधिक ६.४.

पातळी घराच्या सर्वाधिक आवाज झेलणाऱ्या भिंतीपाशी, जमिनीपासून ४ मीटर उंचीवर आणि त्या भिंतीवरून परतणारा आवाज वगळून धरायची. घरातली पातळी इथे चालत नाही, कारण वक्र बांधणाऱ्यांनी घराबाहेरचीच पातळी वापरली आहे.

मोजताना

आयईसी ६१६७२-१ या मानकातला वर्ग १ चा ध्वनिमापक घ्या, ‘ए’ भारण (माणसाच्या कानाला जसे ऐकू येते तसा आवाज तोलणारी मांडणी) लावा आणि दर सेकंदाची सरासरी साठवायला सांगा. शक्य असेल तर आवाजाची नोंदही ठेवा. नंतर एखादे शिखर कुत्र्याचे की ट्रकचे, हे ऐकूनच ठरते. सुरुवातीला आणि शेवटी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर तपासा. दोन वाचनांत ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक आला, तर ती मोजणी टाकून द्या. मायक्रोफोनवर फोमचा गोळा हवाच, आणि वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला किंवा रस्ता ओला झाला तर तेवढे तास वगळा. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज चढतो आणि वर्षाची सरासरी फसवी येते.

मायक्रोफोन भिंतीपासून अर्धा ते दोन मीटरवर असेल तर ३ डेसिबल वजा करा, भिंतीला चिकटवलेला असेल तर ६. ही वजाबाकी विसरणे ही सर्रास होणारी चूक आहे. रस्त्यासाठी ३ डेसिबल म्हणजे दुप्पट वाहतूक, हे लक्षात घेतले की तिचे वजन कळते. निदान एक पूर्ण आठवडा मोजा, सोबत वाहने मोजा (हलकी आणि जड वेगळी), आणि वर्षाच्या सरासरी वाहतुकीशी तो आठवडा ताडून पाहा. मोठ्या भागासाठी प्रत्येक घरापुढे यंत्र लावणे अशक्यच असते. तिथे आवाजाचे संगणकी प्रतिमान चालवायचे आणि चार-सहा ठिकाणच्या मोजणीने ते पडताळायचे.

रेल्वे आणि विमानांसाठी सलग मोजणीपेक्षा घटना मोजणे सोयीचे. एका गाडीच्या जाण्यातली एकूण ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर जी पातळी येईल, ती त्या घटनेची ‘एसईएल’. रात्रीच्या ८ तासांत, म्हणजे २८,८०० सेकंदांत, सरासरी ८५ एसईएलच्या २० गाड्या गेल्या, तर रात्रीची पातळी = ८५ + १० लॉग २० − १० लॉग २८,८०० = ८५ + १३ − ४४.६ = ५३.४ डेसिबल. एसईएलची सरासरी काढताना ऊर्जेची सरासरी घ्या (प्रत्येक आकड्याचे १०^(आकडा/१०) करून सरासरी काढा आणि तिचा १० लॉग घ्या), आकड्यांची साधी सरासरी नको. एक जड मालगाडी दहा हलक्या गाड्यांवर भारी पडते आणि साध्या सरासरीत ती नेमकी लपते.

वक्र लावताना

‘तीव्र त्रास’ म्हणजे काय, ते आधी नक्की करू. त्रासाची पट्टी ० ते १०० धरली तर ७२ च्या वरचे उत्तर देणारे ते तीव्र त्रासातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेमागचे आणि युरोपीय संघाने २०२० मध्ये आपल्या पर्यावरणीय ध्वनी निर्देशात घातलेले वक्र असे आहेत (ल म्हणजे एलडेन, उत्तर टक्क्यांत) :

रस्ता : ७८.९२७० − ३.११६२ × ल + ०.०३४२ × ल × ल

रेल्वे : ३८.१५९६ − २.०५५३८ × ल + ०.०२८५ × ल × ल

विमान : −५०.९६९३ + १.०१६८ × ल + ०.००७२ × ल × ल

आपल्या ६४.८ च्या रस्त्याला पहिले सूत्र लावले की २०.६ टक्के येतात. म्हणजे अशा घरांतल्या दर शंभर प्रौढांपैकी साधारण २१ जणांना तीव्र त्रास.

याआधी मिडेमा आणि ऑडशूर्न या संशोधकांचे २००१ चे वक्र सगळीकडे वापरले जात आणि आजही कित्येक अहवालांत तेच असतात. दोन्हींची तुलना एलडेन ६० ला करून पाहा. रस्त्यासाठी जुना वक्र १०.३ टक्के देतो, नवा १५.१. विमानासाठी जुना १७.५, नवा ३६. रेल्वेसाठी जुना ४.७ आणि नवा १७.४! जुन्या वक्रात रेल्वे रस्त्यापेक्षा कितीतरी सुसह्य होती, नव्यात ती रस्त्याच्याही पुढे आहे. त्यामुळे ‘नवीन रुळांमुळे त्रास नगण्य वाढेल’ असे म्हणणारा अहवाल हाती आला, तर आधी त्यात कोणता वक्र आहे ते शोधा. तुमच्या अहवालातही वक्राचे नाव आणि वर्ष पहिल्याच पानावर लिहा. दोन्ही वक्रांची उत्तरे शेजारी-शेजारी देणे अधिक प्रामाणिक.

नव्या सूत्रांत एक खाच आहे. ती दुसऱ्या घाताची असल्यामुळे खाली जाऊन पुन्हा वर वळतात. रस्त्याचा वक्र ४५.६ डेसिबलला तळाला टेकतो, तिथे ७.९ टक्के येतात. ४० डेसिबल घातले तर सूत्र ९ टक्के सांगते. आवाज कमी झाला आणि त्रास वाढला, असे प्रत्यक्षात होत नाही, तो बीजगणिताचा खेळ आहे. स्प्रेडशीटमध्ये सूत्र भरताना रस्त्यासाठी ४५ च्या खालची घरे वेगळी काढा. विमानाच्या वक्रामागची माहिती ४० ते ७० डेसिबलची आहे, त्याच्या पलीकडे ताणू नका.

झोपेचा प्रश्न वेगळा. त्यासाठी रात्रीची पातळी तशीच, १० न वाढवता घेतात. तीव्र निद्राभंगाचे सूत्र रस्त्यासाठी १९.४३१२ − ०.९३३६ × रात्र + ०.०१२६ × रात्र × रात्र असे आहे. आपल्या उदाहरणातल्या ५६ डेसिबलला ६.७ टक्के येतात. हा आकडा तीव्र त्रासाच्या टक्क्यांत मिळवायचा नाही. बहुतेक माणसे दोन्हीकडे तीच असतात.

कारखान्याचा आवाज

इथे काम अवघड होते, कारण त्या युरोपीय निर्देशात उद्योगासाठी वक्रच दिलेला नाही. कारखाने एकमेकांसारखे नसतात : कुठे अखंड घरघर, कुठे हातोड्याचे घाव, कुठे एकच सूर धरून बसलेला ब्लोअर. त्यातल्या त्यात पटणारा मार्ग असा, की आयएसओ १९९६-१ या मानकाप्रमाणे पातळीत आवाजाच्या स्वभावानुसार भर घालायची आणि मग रस्त्याचा वक्र लावायचा. उद्योगाला नुसता उद्योग म्हणून भर शून्य आहे. ठळक सूर असेल तर ३ ते ६ डेसिबल, साधे ठोके असतील तर ५, पत्र्यावर पडणाऱ्या घणासारखे तीव्र ठोके असतील तर १२. सूर आणि ठोके दोन्ही असले तरी त्यातली मोठी एकच भर घ्यायची. संध्याकाळ-रात्रीची भर मात्र त्याशिवाय लागतेच. आणि सूर फक्त रात्रपाळीत ऐकू येत असेल तर भर फक्त रात्रीच्या आकड्यात घाला, दिवसभर चिकटवू नका.

सूर आहे की नाही, हे वादाचे होऊ नये म्हणून एक-तृतीयांश सप्तक पट्ट्यांची (वारंवारतेनुसार पाडलेल्या आवाजाच्या भागांची) नोंद घ्या. एखादी पट्टी दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा उठून दिसायला हवी : २५ ते १२५ हर्ट्झमध्ये १५ डेसिबलने, १६० ते ४०० मध्ये ८ ने, ५०० च्या वर ५ ने. सूर दोन पट्ट्यांच्या सीमेवर बसला तर तो दोन्हींत वाटला जातो आणि ही कसोटी त्याला पकडत नाही. कानाला सूर स्पष्ट जाणवतो आणि तक्ता नाही म्हणतो, तेव्हा कानावर विश्वास ठेवून अरुंद पट्ट्यांचे विश्लेषण करून घ्या.

कारखान्याचा आवाज रस्त्याच्या आवाजातून सोडवून घ्यायलाही मेहनत लागते. यंत्रे चालू असताना आणि बंद असताना, अशा दोन मोजण्या एकाच जागी, सारख्याच हवामानात करा. फरक १० डेसिबलच्या वर असेल तर काही करू नका. ३ ते १० च्या मध्ये असेल तर ऊर्जेची वजाबाकी करा : चालू असताना ५२ आणि बंद असताना ४८ असेल, तर कारखान्याचे ४९.८. फरक ३ पेक्षा कमी असेल तर वजाबाकीतून येणारा आकडा भरवशाचा नसतो. रात्री दोनच्या सुमारास पुन्हा जा, किंवा यंत्राच्या जवळ मोजून अंतराचे गणित करा.

उदाहरण घेऊ. चोवीस तास ४८ डेसिबल देणारे शीतकरण संयंत्र. एलडेन ५४.४. त्याचा सूर ठळक आहे म्हणून ५ ची भर : ५९.४. रस्त्याच्या वक्राने भर न घालता १०.६ टक्के, भर घालून १४.५ टक्के. हा आकडा प्राथमिक अंदाज म्हणूनच द्या. कारखान्याच्या बाबतीत खरे उत्तर सर्वेक्षणातूनच मिळते.

माणसे मोजणे

आता ५-५ डेसिबलच्या पट्ट्या पाडून प्रत्येकीत राहणारी माणसे मोजा आणि पट्टीच्या मध्याला वक्र लावा. एका रस्त्यालगतच्या वस्तीचा हिशेब असा होतो : ५५–५९ च्या पट्टीत १,४०० माणसे, मध्य ५७, १२.४ टक्के, म्हणजे १७४ जण. ६०–६४ मध्ये ९००, १७.२ टक्के, १५५ जण. ६५–६९ मध्ये ३५०, २३.७ टक्के, ८३ जण. ७०–७४ मध्ये ६०, ३१.९ टक्के, १९ जण. एकूण सुमारे ४३० जणांना तीव्र त्रास.

सगळ्यात गोंगाटाच्या पट्टीतून फक्त १९ जण आले आणि सगळ्यात कमी पट्टीतून १७४. टक्केवारी कमी असली तरी माणसे तिथे जास्त राहतात. आणि हिशेब ५५ ला थांबवला म्हणून कितीतरी माणसे निसटली : ५०–५४ च्या पट्टीत २,००० जण राहत असतील, तर ९.४ टक्क्यांनी आणखी १८७ जण मिळवावे लागतात. ५५ ची रेघ नकाशे बनवण्याच्या सोयीची आहे. त्रास त्या रेघेला थांबत नाही, आणि रस्त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर ५३ डेसिबलची आहे. निदान ५० पर्यंत उतरा.

इमारतीतल्या सगळ्यांना रस्त्याकडच्या भिंतीची पातळी देऊन टाकली तर आकडा फुगतो, कारण मागच्या बाजूच्या सदनिका बऱ्याच शांत असतात. सदनिकांची मांडणी माहीत नसेल, तर भिंतींभोवतीच्या सर्व बिंदूंपैकी अधिक आवाजाच्या निम्म्या बिंदूंवर रहिवासी वाटून टाकण्याची युरोपीय पद्धत वाजवी आहे.

रस्ताही आणि रेल्वेही

दोन स्रोतांचे टक्के एकमेकांत मिळवू नका. रस्त्याचे २०.६ आणि ६० डेसिबलच्या रेल्वेचे १७.४ मिळून ३८ होत नाहीत, कारण तोच माणूस दोनदा मोजला जातो. दोन्हींचे डेसिबल थेट एकत्र करून एक वक्र लावणेही चूक, कारण रेल्वेचा एक डेसिबल आणि रस्त्याचा एक डेसिबल सारखा त्रास देत नाही.

मार्ग असा : रेल्वेच्या १७.४ टक्क्यांइतका त्रास द्यायला रस्त्याला किती डेसिबल लागतील, ते रस्त्याच्या सूत्रातून उलटे काढा. उत्तर ६२.२ येते. आता ६४.८ आणि ६२.२ यांची ऊर्जेने बेरीज करा : ६६.७. त्याला रस्त्याचा वक्र लावला की २३.२ टक्के मिळतात. कारखान्याची भर घातलेली पातळी आधीच रस्त्याच्या मापात आहे, ती याच बेरजेत टाकता येते. अधिकृत अहवालात मात्र प्रत्येक स्रोताचा आकडा वेगळाही दाखवा. वर उल्लेखिलेला निर्देश स्रोतांचे परिणाम सरसकट एकत्र करू देत नाही.

वस्तीला विचारून पडताळणे

वक्र ज्या अभ्यासांतून आले, तिथल्या घरांच्या खिडक्या, हॉर्नची सवय, वाहनांची जातकुळी तुमच्या वस्तीपेक्षा वेगळी असू शकते. नवा रस्ता किंवा धावपट्टी सुरू झाल्यावर तर लोकांचा त्रास वक्राच्या आकड्यापेक्षा जास्तच निघतो. वक्र स्थिरावलेल्या परिस्थितीचे आहेत. शक्य असेल तिथे विचारा. प्रश्नासाठी आयएसओ/टीएस १५६६६ चा साचा आहे :

‘गेल्या साधारण बारा महिन्यांचा विचार करता, तुम्ही इथे घरी असताना रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजाने तुम्हाला किती त्रास, व्यत्यय किंवा वैताग होतो?’

उत्तराला पाच पर्याय : अजिबात नाही, थोडासा, मध्यम, खूप, अतिशय. त्यानंतर तोच प्रश्न ० ते १० च्या पट्टीवर. आकड्यांच्या पट्टीवर ८, ९, १० म्हणजे तीव्र त्रास. शब्दांच्या पट्टीवर ‘अतिशय’ पूर्ण धरा आणि ‘खूप’ म्हणणाऱ्यांचे ०.४ धरा, म्हणजे ७२ ची रेघ जुळते. ‘खूप’ आणि ‘अतिशय’ दोन्ही पूर्ण धरले तर रेघ ६० ला येते आणि टक्के फुगतात. दोन सर्वेक्षणांची तुलना बहुतेकदा इथेच बिघडते.

प्रत्येक स्रोताचा प्रश्न वेगळा विचारा. सर्वेक्षण ‘आवाजाबद्दल’ आहे असे दारात सांगू नका, परिसराबद्दलच्या पाणी, कचरा, दिवे अशा प्रश्नांत हा प्रश्न बसवा. नाहीतर त्रासलेलेच दार उघडतात. वर्षभरापेक्षा कमी काळ राहणाऱ्यांना वगळा. नमुना पातळीच्या पट्ट्यांनुसार घ्या. ४०० उत्तरांत २० टक्के आले तर खरा आकडा १६ ते २४ च्या दरम्यान समजा. १०० उत्तरांत तोच पल्ला १२ ते २८ होतो.

सर्वेक्षणातून वस्तीची सहनपातळी काढता येते, म्हणजे ज्या पातळीला निम्म्या लोकांना तीव्र त्रास होतो ती. यात डीएनएल, म्हणजे दिवस-रात्रीची सरासरी पातळी, लागते : संध्याकाळची भर नाही, रात्र १० ते सकाळी ७ आणि तिला १० ची भर. सूत्र असे : टक्के = १०० ÷ २.७१८^म, आणि म = १०^(−०.०३ × (डीएनएल − सहनपातळी + ५.३)). रस्त्यासाठी सहनपातळी ७८.३ आणि विमानासाठी ७३.३ धरतात. डीएनएल ६२ असलेल्या रस्त्याकडेच्या वस्तीत हे सूत्र ११.८ टक्के सांगते. सर्वेक्षणात २८ टक्के निघाले, तर उलटे गणित करून त्या वस्तीची सहनपातळी ७०.८ येते. म्हणजे ही वस्ती ७.५ डेसिबल अधिक आवाज असल्यासारखी त्रासली आहे. हा आकडा पातळीच्या प्रत्येक पट्टीसाठी वेगळा काढा. सगळीकडे जवळपास सारखा आला तर फरक वस्तीतला आहे : रस्त्याचा राग, अधिकाऱ्यांवरचा अविश्वास, धुळीचा जाच, शांत मागची खोली नसणे. तो पट्टीगणिक चढत किंवा उतरत गेला तर आधी तुमचे पातळीचे गणित तपासा. बहुधा एखाद्या बाजूच्या भिंतीचे ३ डेसिबल किंवा रात्रीची जड वाहने हिशेबातून सुटलेली असतात.